पुढचा लॅपटॉप, टचपॅड आणि आपला विदर्भ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात लॅपटॉप विकताना आणि दुरुस्त करताना एकच प्रश्न वर्षभर कानावर येतो, “आता घेऊ का थांबू?” विचारणाऱ्याने मोबाइलवर येणाऱ्या मॉडेलचा व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात प्रोसेसरचे आकडे असतात, एआय असतं, लॅपटॉप किती पातळ आहे ते असतं. ज्यावर दिवसभर बोट फिरणार त्या टचपॅडबद्दल मात्र अवाक्षर नसतं. सेतू केंद्रातला ऑपरेटर, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, एमएस-सीआयटी करणारी पोरं, सगळ्यांचा खरा संबंध त्याच चौकोनाशी येतो. म्हणून टचपॅडचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि बाकीचं हार्डवेअर नंतर. जिथे माझा अंदाज आहे तिथे तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

भाऊ, नवीन मॉडेल येऊन राहिलं म्हणतात. थांबू का मग?

काम अडलं असेल तर थांबू नका. नवीन मॉडेल दर वर्षी येतंच. जानेवारीत लास वेगासला सीईएस, मे-जूनच्या सुमारास तैपेईला कॉम्प्युटेक्स, सप्टेंबरमध्ये बर्लिनला आयएफए, असं हे प्रदर्शनांचं चक्र चालू राहतं. तिथे दाखवलेलं मशीन नागपूरच्या सीताबर्डीत दिसायला काही महिने जातात आणि तालुक्याच्या दुकानात यायला त्याहून जास्त.

सध्या थांबण्यात आणखी एक धोका आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं बरंचसं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने होणारी आपली किरकोळ विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम महागली की लॅपटॉप महागतो, आणि स्वस्त लॅपटॉपला त्याचा फटका जास्त बसतो. माझा अंदाज असा की या खेपेला थांबणाऱ्याला तोच भाव मिळाला तरी खूप.

टचपॅडमध्ये पुढे नवीन काय येणार?

सगळ्यात पक्का अंदाज हॅप्टिक टचपॅडचा. साधा टचपॅड वरच्या कडेला बिजागरीसारखा अडकवलेला असतो आणि खालच्या भागात त्याच्या पोटात एक छोटं बटण असतं. म्हणून खाली दाबलं की क्लिक होतं आणि वरच्या भागात दाबलं तर हलतही नाही. हॅप्टिकमध्ये पॅड खाली जातच नाही. दाब ओळखणारे सेन्सर असतात, आणि पुरेसा दाब पडला की आतली यंत्रणा पॅडला किंचित थरथर देते. बोटाला वाटतं क्लिक झालं. मशीन बंद करून दाबून पाहा, काहीच होत नाही.

ॲपलने हे २०१५ मध्ये मॅकबुकमध्ये आणलं. विंडोजच्या महागड्या मशिनांत २०२१ पासून ते दिसू लागलं, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉप स्टुडिओत आणि लेनोवोच्या काही मॉडेलांत. येत्या दोन-तीन वर्षांत साठ-सत्तर हजारांच्या मशिनांत ते सर्रास दिसेल असं मला वाटतं. पस्तीस-चाळीस हजारांच्या मशिनांत एवढ्यात नाही.

मग ते आपल्या इकडे चालेल का?

धुळीच्या दृष्टीने चांगलं चालेल. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत दुरुस्तीला येणाऱ्या टचपॅडची एकच तक्रार असते, डावं क्लिक दोनदा लागतं किंवा लागतच नाही. पॅड उघडला की बटणाभोवती बारीक भुसा साचलेला दिसतो. हॅप्टिकमध्ये ते बटणच नाही, त्यामुळे झिजायला आणि अडकायला काही उरत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र अवघड आहे. साध्या पॅडचं बटण तालुक्यातला कारागीर बदलून देतो. हॅप्टिक बिघडला तर अख्खा भागच बदलावा लागतो, तो नागपूर किंवा मुंबईहून मागवावा लागतो, आणि तोवर ऐन पीक विम्याच्या मुदतीत मशीन बसून राहतं. हॅप्टिक घेणार असाल तर एक साधा माउस ड्रॉवरमध्ये ठेवा.

चार्जर लावला की कर्सर नाचून राहतो. नवीन मॉडेलमध्ये हे जाईल का?

नाही, पूर्ण जाणार नाही. हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर लॅपटॉपमध्ये कमी, भिंतीत जास्त आहे. जरा सविस्तर सांगतो.

टचपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलतो आणि आतली चिप त्यावरून बोटाची जागा काढते. हा बदल इतका लहान असतो की बाहेरचा थोडासा गोंधळही त्याला पुरतो. चार्जरमधून अगदी कमी प्रमाणात गळती प्रवाह येतच असतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या बॉडीवरच राहतो, धातूच्या बॉडीला हात घासला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मंद उजळतो, आणि टचपॅडला खरं बोट कोणतं आणि गोंधळ कोणता ते कळेनासं होतं.

आपल्याकडे अर्थिंग का नसतं? काही घरांत ते कधी केलेलंच नसतं. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असते किंवा दोन पिनांचं ॲडाप्टर लावलेलं असतं. जिथे घराच्या मागे मीठ-कोळसा घालून खड्डा केलेला असतो तिथेही मे महिन्यात घोळ होतो. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. रॉडभोवतीची माती सुटते, कोरडी पडते आणि अर्थिंग नावालाच उरतं. पावसाळ्यात ठीक चालणारा टचपॅड उन्हाळ्यातच का पिसाळतो, याचं कारण कितीतरी घरांत हेच निघतं.

तपासायचं असं. कर्सर नाचायला लागला की चार्जर काढा. लगेच शांत झाला तर दोष वीजपुरवठ्याकडचा. मग वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घाला. कूलर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशनवर लावू नका. चार्जर हलक्या दर्जाचा असेल तर मूळ कंपनीचा वापरा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, न्यूट्रललाच अर्थ जोडायचा जुगाड कुणालाही करू देऊ नका. कुठे न्यूट्रल तुटली तर फ्रिजपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्या धातूच्या बॉडीवर पूर्ण करंट येतो.

नव्या टचपॅडच्या चिपा हा गोंधळ गाळण्यात जुन्यांपेक्षा हुशार आहेत हे खरं. पण तत्त्व तेच आहे.

वावरातून आलो की बोटाले टचपॅड ओळखतच नाही. खराब झाला काय?

नाही. कापूस वेचून, तणकट उपटून बोटांची कातडी जाड आणि कोरडी झालेली असते, तिच्यातून टचपॅडला खूण कमी मिळते. हात धुऊन, पुसून, किंचित तेल किंवा मलम लावून पाहा, फरक पडतो. सेटिंग्जमध्ये टचपॅडची संवेदनशीलता सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा.

उलटा प्रकारही होतो. कूलरसमोर बसून काम करताना पाण्याचे बारीक थेंब पॅडवर येतात आणि प्रत्येक थेंब टचपॅडला बोट वाटतो. कूलरची हवा पाठीवर घ्या, मशीनवर नको.

ते मधलं लाल बटण आता बंद होणार म्हणतात, खरं आहे का?

हळूहळू कमी होणार, असं मला वाटतं. आणि मला त्याचं वाईट वाटतं.

जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये बसलेलं ते बटण आयबीएमच्या टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आलं आणि १९९२ च्या थिंकपॅड ७००सी या लॅपटॉपपासून लोकांच्या हातात पडलं. ते सरकत नाही. त्यावर किती जोर आणि कोणत्या दिशेने पडतो एवढंच ते मोजतं; जास्त रेटलं की कर्सर जोरात पळतो. जोर मोजायचा असल्यामुळे बोट ओलं आहे, कोरडं आहे, भेगाळलेलं आहे की हातमोज्यात आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. वावरातून आलेल्या कास्तकाराच्या हाताला याहून सोयीचं साधन मी तरी पाहिलेलं नाही. इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्याला आणखी एक फायदा होतो, हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही. लांबलचक अर्ज आणि ठराव टाइप करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला एकदा सवय लागली की तो टचपॅडकडे वळत नाही.

तरी वारं उलट दिशेने आहे. आयबीएमचा पीसी-लॅपटॉपचा व्यवसाय २००५ मध्ये लेनोवोकडे गेला आणि लेनोवोने हे बटण जपलं. पण डेल आणि एचपीने आपल्या ऑफिसच्या मॉडेलांतून ते काढत आणलं, आणि २०२५ मध्ये खुद्द लेनोवोचा थिंकपॅड एक्स९ त्याच्याशिवाय आला. कारण उघड आहे. लोकांना मोठा टचपॅड हवा, पातळ मशीन हवं, आणि नव्या पिढीतल्या बहुतेकांनी हे बटण कधी वापरलेलंच नाही.

माझा अंदाज असा की थिंकपॅडच्या मुख्य मालिकांत ते आणखी काही वर्षं टिकेल, कारण त्याचे चाहते गप्प बसणारे नाहीत. २०१३-१४ च्या सुमारास लेनोवोने या बटणासोबतच्या तीन वेगळ्या क्लिक-पट्ट्या काढल्या होत्या. ओरड झाली आणि २०१५ च्या मॉडेलांत त्या परत आल्या. ज्याला वापरून पाहायचं आहे त्याने कंपन्यांतून निघालेलं जुनं थिंकपॅड घ्यावं. लाल रबरी टोपी झिजली तर वेगळी मिळते. फक्त तिची उंची मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून जुनी टोपी सोबत घेऊन जा. कर्सर आपोआप एका बाजूला सरकायला लागला तर काही सेकंद बोट उचलून धरा, बटण स्वतःला जुळवून घेतं.

गोळीवाला ट्रॅकबॉल परत येईल का लॅपटॉपमध्ये?

नाही. १९९१ च्या ॲपल पॉवरबुकमध्ये तो होता, १९९४ च्या पॉवरबुक ५०० मध्ये त्याच्या जागी टचपॅड आला आणि हा विषय संपला. शिवाय गोळीखाली कचरा जमतो. जिनिंगच्या गावात तर सरकीचा बारीक कापूस आठवड्यातच अडकेल.

टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही. स्क्रू घट्ट करू का?

थांबा. मशीन बंद करा, चार्जर काढा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खाली किंवा अगदी शेजारी असते. ती फुगली की पॅडला खालून वर ढकलते. आधी कडेची फट एका बाजूला जास्त दिसते, मग क्लिक कडक होतं, मग झाकण नीट बंद होत नाही. अशा बॅटरीवर दाब देऊ नका, टोचू नका, “एवढा अर्ज भरून घेतो” म्हणून चार्जिंगला लावू नका. ती आग धरू शकते. बॅटरी बदलली की पुष्कळदा टचपॅड आपोआप ठीक होतो, नवा पॅड लागत नाही. गॅरेजच्या पत्र्याखाली, कारमध्ये किंवा टेबलावर सतत चार्जिंगला लावून ठेवलेल्या मशिनांत हे जास्त होतं.

आमच्या उन्हात नवीन प्रोसेसर टिकतील का?

चिप टिकते, वेग टिकत नाही. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगतात. आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्याची कित्येक दुपार कंपनीच्या हिशोबाबाहेरची. चिप साधारण शंभर अंशांच्या आसपास पोचली की स्वतःच वेग कमी करते. बाहेरची हवाच त्या हिशोबापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर ती वेळ लवकर येते.

म्हणून येणाऱ्या प्रोसेसरमध्ये मी वेगाच्या आकड्याआधी वीज किती खातो ते पाहतो. इंटेलचे २०२४ चे लुनार लेक आणि जानेवारी २०२६ मध्ये आलेले पँथर लेक यांचा भर कमी विजेत काम करण्यावर आहे, आणि आपल्यासाठी ही दिशा योग्य आहे. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवरही तोच फायदा.

पंखा नसलेली मशिनं धुळीला चांगली, पण भर उन्हाळ्यात लवकर मंदावतात. फ्रोर सिस्टिम्सने २०२२ च्या शेवटी एअरजेट नावाची पाती नसलेली कूलिंग चिप जाहीर केली, तिच्यातले पातळ पडदे थरथरून हवा ढकलतात. हे तंत्र स्वस्त झालं तर ते मला आपल्याकडे सगळ्यात आधी पाहायला आवडेल. तोवर पंखा वर्षातून एकदा साफ करून घ्या. वणी, हिंगणघाटसारख्या जिनिंगच्या गावात दोनदा. पंख्याच्या तोंडाशी कापसाची गादी तयार होते, ती काढली की मशीनचा आवाजच बदलतो.

स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरी लय देतात म्हणे. सेतू केंद्रासाठी घेऊ का?

बॅटरी देतात, हे खरं आहे. २०२४ च्या मध्यापासून स्नॅपड्रॅगन एक्स बाजारात आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची पुढची पिढी एक्स२ एलिट जाहीर झाली.

सेतू केंद्रासाठी मात्र माझं उत्तर सध्या नाही. या चिपा एआरएम प्रकारच्या आहेत, म्हणजे मोबाइलमध्ये असतात तशा. जुने विंडोज प्रोग्राम त्यावर भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम, असे चालत नाहीत. ते एआरएमसाठी वेगळेच बनवावे लागतात. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, जुना प्रिंटर, स्कॅनर, तुमचं अर्धं काम ड्रायव्हरवर चालतं. आपल्या उपकरणाच्या कंपनीकडे एआरएम विंडोजचा ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारा आणि लेखी मिळालं तरच पुढे जा. विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला घ्यायला हरकत नाही.

पोरगी म्हणते एआयवाला पाह्यजे. खरंच लागतो का?

एमएस-सीआयटी, कॉलेजचा अभ्यास, अर्ज भरणं यासाठी लागत नाही, ताई. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ मशिनांची अट घातली: एआयसाठीच्या वेगळ्या भागाचा वेग किमान ४० टॉप्स (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया), रॅम किमान १६ जीबी, साठवण किमान २५६ जीबी. यातली १६ जीबी रॅम उपयोगाची आहे, ती पाहून घ्या. बाकीच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. नव्या कीबोर्डवर उजव्या कंट्रोलच्या जागी अनेकदा कोपायलटची कळ असते. मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने घेण्याआधी तो कोपरा पाहावा.

पुढे रॅम वाढवता येईल ना?

आता पुष्कळ मशिनांत नाही. लुनार लेकमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी, नंतर बदल नाही. आशा आहे ती एलपीकॅम२ नावाच्या नव्या प्रकारच्या मॉड्यूलकडून. ते कमी वीज खातं, पातळ असतं आणि स्क्रू काढून बदलता येतं. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये ते आलं. स्वस्त मशिनांपर्यंत ते पोचावं असं मनापासून वाटतं, पण रॅमचे आजचे भाव पाहता ते लवकर होईल असा अंदाज मी करणार नाही.

कोणती बातमी खरी मानायची, कोणती नाही?

पेटंट निघालं म्हणून वस्तू येत नाही. कंपन्या पुष्कळ पेटंटं घेऊन ठेवतात आणि त्यातली थोडीच बाजारात उतरतात. भारतीय मानक ब्यूरोकडे नोंद दिसली तर गोष्ट वेगळी. २०१२ च्या आदेशापासून लॅपटॉपला ती नोंद सक्तीची आहे, त्यामुळे तिथे मॉडेल दिसलं म्हणजे इथे विकायचा विचार आहे असं समजायला जागा असते. चाचण्यांच्या संकेतस्थळांवर फुटलेले आकडे अर्धवट तयार मशीनचे असू शकतात. टच स्क्रीनच्या मॅकबुकची चर्चा बराच काळ चालू आहे; ॲपल स्वतः बोलेपर्यंत तिला चर्चाच म्हणायचं.

आलेली प्रत्येक नवी टूम टिकतेच असंही नाही. ॲपलने २०१६ मध्ये कीबोर्डच्या वर टच बार आणला आणि २०२३ मध्ये तो पूर्ण बंद केला. डेलच्या २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लसमध्ये वरच्या एफ-कळांऐवजी नुसती स्पर्शाची पट्टी होती. २०२६ च्या एक्सपीएसमध्ये खऱ्या कळा परत आल्या. स्पर्शाचं काहीही नवीन आलं की पहिली पिढी दुसऱ्यांना वापरू द्या.

विंडोज १० बंद झालं, जुनं मशीन फेकू का?

फेकू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला हे खरं. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तर विंडोज ११ चढतं. नसेल तर एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कऐवजीची वेगवान साठवण) टाकून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घाला, पोरांच्या अभ्यासाला छान चालतं.

दुकानात टचपॅड पाहायचा कसा?

मशीन सुरू करून मागा, डब्यातलं नको. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध क्लिक करा, आवाज आणि जोर सगळीकडे सारखा आहे का पाहा. सेटिंग्जमध्ये टचपॅडच्या पानावर तीन आणि चार बोटांच्या खुणांचे पर्याय दिसतात का ते पाहा. दिसले तर बहुतेक तो विंडोजच्या प्रिसिजन प्रकारचा आहे आणि पुढे अपडेटमध्ये त्रास कमी देतो. सातबाऱ्याची पीडीएफ उघडा, दोन बोटांनी हळू सरकवा. ओळ थरथरत वर गेली तर पॅड हलका आहे. एक बोट ठेवून दुसऱ्याने क्लिक करा, फाइल ओढून दुसरीकडे टाका. मग चार्जर लावा आणि हे सगळं पुन्हा करा. शेवटी बोट किंचित ओलं करून एकदा फिरवा. एवढं होईपर्यंत बिल करू देऊ नका.